बाबा घरी असताना

१६ सप्टेंबर, मंगळवार
नांदेडहून सकाळच्या एसटीने अहमदपूर. आमचं वर्ष संपतं त्या महिन्यात बाबांच्या कबरीला जायचं, हे ठरलेलं. इथे पोस्टमास्तर असतानाच गेले ते. गावात दुसरं ज्यू घर नव्हतं, म्हणून त्यांच्या मित्राने आपल्या शेताच्या बांधाला जागा दिली. तोंडी. आज कबरीवर खडा ठेवायला वाकले, तर शेजारून चुन्याची रेघ! मित्राचा मुलगा व्यंकट मंगल कार्यालय बांधतोय. बाबांच्या छातीवर पार्किंग.
"मावशी, हाडं नीट उचलून लिंबाखाली ठेवतो की. पर मशीनवाला भेऊन राहिला. म्हणतो, आत माणूस हाय."
"आहेच!" म्हटलं. चांगलं सुनावलं. आत्मा कबरीपाशीच राहतो. फक्त दारफळणीला, आमच्या कडक उपासाला, घरी येतो. दुसऱ्या दिवशी, शिळासणाला, परत.
"कधी असती ती?"
"एक तारखेच्या संध्याकाळपासून दोन ऑक्टोबर."
"दसराच की! बरं झालं. ते तुमच्याकडं असताना काम उरकतो. त्यांना कळणारबी न्हाई."
वर हात जोडले.
मी काय सांगून बसले.

१९ सप्टें.
इस्रायलला फोन, भावाला. डॅनी म्हणतो, "तू त्याला सांगितलंसच कशाला, रूथ?" कॉन्व्हेंटात मदरनी सगळं शिकवलं, जीभ आवरणं सोडून. वर म्हणतो, "जा, मशीनपुढे उभी राहा." तिकडून सोपं आहे. दारफळणीला दार बंद. बाहेर पाऊल नाही, परक्याशी बोलणं नाही. आई तापाने फणफणली होती तेव्हाही दार उघडलं नव्हतं. बाबा आत येऊन बसलेले, आणि मी त्यांना टाकून

२८ सप्टें., रविवार
पुन्हा अहमदपूर. व्यंकटला नको नको ते बोलले. त्याने चहा मागवला.
"मावशी, दिवस तर तुम्हीच दिला."
म्हटलं, जागा तुझ्या वडिलांनी दिलीय. "कागद दावा." कुठला कागद. त्या दिवशी कबर रिकामी म्हटल्यावर मशीनवाल्याची भीती गेली. नारळसुद्धा आणून ठेवलाय मेल्याने.

१ ऑक्टोबर, दुपार
घर धुतलं. पांढरी साडी काढली. पाचला दार लावायचं. शेवटची सोयीची एसटी साडेचारला. अजून ठरत नाही.

३ ऑक्टो., शुक्रवार
दारफळणीला लिहायचं नसतं. गेले नाही. दार लावलं.
दरवर्षी घर भरल्यासारखं वाटतं. काल सकाळीही वाटलं, बाबांच्या खुर्चीकडे. अकराच्या सुमारास खुर्चीकडची हवा एकदम गार. कुणीतरी ताडकन उठावं तशी. लगेच फोन. व्यंकट. वाजू दिला. पुन्हा. पुन्हा. दुपारपर्यंत वाजत होता, मग बंदच.
काम झालं, एवढं सांगायला माणूस इतक्यांदा फोन करतो?
संध्याकाळी उपास सुटला. दार उघडायला हवं होतं. नाही उघडलं. आज शिळासण, बाबांची परत निघायची वेळ. कुठे जातील?
कबरीचं काय झालं, व्यंकटला विचारलं तर कळेल. फोन हातातच आहे. पण घर दोन खोल्यांचं, आणि आमचा आवाज हा असा मोठा.
बाबांना ऐकू जाईल.