घडी न घालता कापायचे कापड

मी, पतिरणगे सोमरत्न, वय वर्षे शहात्तर, सर्वेक्षण कचेरीतून नकाशे काढण्याच्या कामावरून निवृत्त, राहणार नुपे, मातरा, श्रीलंका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. दोन वर्षांपूर्वी झटका आला तो डाव्या अंगाला आला, बुद्धीला नाही. आमच्या शेजारीण कुसुमाबाई यांचे मत याबाबत वेगळे आहे, पण ते या कागदाला लागू नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. काळजी मात्र आहे, आणि तिच्यामुळेच हा कागद लिहिला जात आहे.

मृत्युपत्र नोटरीसमोर केले तर दोन साक्षीदार पुरतात, नोटरीशिवाय पाच लागतात. मी पाच पत्करले. नोटरी सज्जन आहेत, पण त्यांच्या घरात कळलेली गोष्ट संध्याकाळच्या आत मासळी बाजारात पोहोचते, आणि या कागदात माझ्या मुलीच्या पाठीची गोष्ट आहे. साक्षीदारांनी सही पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो. हे त्यांना मी आधीच बजावले आहे.

कलम पहिले. नुप्याचे राहते घर, मागील फणसासह, आणि टपाल बचत खात्यात जे काही निघेल ते, माझी मुलगी मल्कांती हिला मिळावे. तिचे लग्न झालेले नाही. ती नगर ग्रंथालयात काम करते आणि कोणावर अवलंबून नाही, एक गोष्ट सोडून. ती गोष्ट पुढे येईल.

कलम दुसरे. अकुरेस्सचा दालचिनीचा मळा माझा मुलगा जनक याला मिळावा. जनक कँडीला बँकेत आहे. मनाने वाईट नाही, पण त्याला उंटावरून शेळ्या हाकायची सवय आहे. झटका आल्यानंतर त्याचा फोन आला तो असा:

"तात्ता, उद्या तुमचं काही झालं तर अक्काला मी इकडे घेऊन येतो. कपड्यांचं काय एवढं? इथे दुकानात सगळं तयार मिळतं."

"तिच्या मापाचं मिळतं?"

"हल्ली कुणाच्याच मापाचं नसतं, तात्ता. सगळे तसंच घालतात."

असा विचार करणाऱ्याच्या हाती शिवणयंत्र देण्यात अर्थ नाही. म्हणून मळा.

कलम तिसरे. आता शिवणयंत्राकडे येतो. ते पायाने चालवायचे, काळे, आणि अजून ठणठणीत आहे. ते कोणाला द्यावे हे ठरवण्याआधी ते घरात का आले हे सांगणे भाग आहे, नाहीतर पुढच्या अटी वेड्याच्या वाटतील.

मल्कांती बारा वर्षांची असताना तिची पाठ एका बाजूला वळू लागली. डॉक्टर म्हणाले, मणकाच तसा वाढतो आहे, जिवाला धोका नाही. त्या वर्षी शाळेचा पांढरा झगा शिवायला मी तिला एल्बर्ट मास्तरांच्या दुकानात नेले. शाळा उघडायचे दिवस, दुकान पोरींनी भरलेले. मास्तर टेप लावून मापे ओरडून सांगत आणि मागचा माणूस वहीत उतरवून घेत असे. मल्कांतीच्या पाठीला टेप लागला आणि मास्तर ओरडले, "उजवी पंधरा, डावी साडेतेरा!" मागून आवाज आला, "मास्तर, चुकलं! पुन्हा सांगा!" मास्तरांनी पुन्हा सांगितले. मागच्याला पुन्हा पटले नाही. तिसऱ्यांदा अख्ख्या दुकानाने ऐकले. पोरी हसल्या. मल्कांती हसली नाही, रडलीही नाही. तिने आपली वेणी सोडून पाठीवर पसरली.

मी कापड काखेत मारून घरी आलो आणि चडफडत बसलो. माझी दिवंगत पत्नी सीलावती, जिला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा होता, ती म्हणाली, "ओढे-टेकड्यांची मापं घेऊन नकाशे काढता ना आयुष्यभर? मग एका पोरीच्या पाठीचं माप घेता येत नाही?"

दुसऱ्या आठवड्यात यंत्र आले. आपला हात जगन्नाथ.

सुरुवात मी माझ्या सरोंगपासून, म्हणजे लुंगीपासून केली, कारण सरोंगला एकच शिवण असते. तीही चुकली. मग उशांचे अभ्रे, मग माझे सदरे. कचेरीत हसे झाले. विल्मट तर रोज विचारायचा, "काय साहेब, आज कोणता प्रांत अंगावर घालून आलात?" पण खरे सांगतो, रागाने धरलेल्या या कामाची मला गोडी लागली. खडूची रेघ, कात्रीचा कापडावरचा आवाज, उरलेल्या तुकड्यातून खिसा निघाल्याचा आनंद. त्यानंतर मी विकतचा सदरा अंगाला लावलेला नाही. दर अवुरुद्दाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, जो शुभरंग निघेल त्याचे कापड मी नझीरच्या दुकानातून आणतो, आणि बापलेकी आम्ही एकाच ताग्यातले घालतो.

मल्कांतीला मी टेप कधी लावला नाही. ती बाहेर निघाली की मी म्हणतो, "थांब जरा, मागून चुरगळलंय," आणि झगा पाठीवरून सारखा करतो. तेवढ्यात माझ्या वितीने माप घेतलेले असते. बाकी सगळे शिंपी कापडाची घडी घालून दोन्ही बाजू एकदम कापतात. तिचे कापड मी उलगडून अंथरतो आणि डावी व उजवी वेगवेगळी कापतो. डाव्या खांद्याखाली दोन पदरी अस्तर देतो. घातल्यावर पाठ सरळ दिसते. तिला इतकेच ठाऊक आहे की आपली पाठ जराशी वळलेली आहे. किती, ते तिला कळू नये म्हणून कागदावर काढलेले दोन्ही अर्धे मी नकाशांच्या नळीत ठेवतो. नळीवर "निलवला नदी, पुराची पातळी" असे लिहिले आहे.

माझी काळजी ती हीच. मी गेल्यावर तिला कोणत्यातरी दुकानात उभे राहावे लागेल, आणि कोणीतरी पुन्हा ओरडेल. हे नुसते मनात आले तरी माझ्या तोंडचे पाणी पळते.

कलम चौथे. शिवणयंत्र कुसुमाबाईंना मिळावे, अशा अटीवर की त्यांनी मल्कांतीचे कपडे शिवावेत. अटी: माप हाताने घ्यावे व मनात ठेवावे. कापडाची घडी घालू नये. शिवणींना दीड बोट माया सोडावी, कारण वयाप्रमाणे पाठ आणखी वळते. आणि याबद्दल कोठेही बोलू नये.

कलम पाचवे. कलम चौथे रद्द समजावे. शेवटची अट लिहिल्यावर मला हसू आले. कुसुमाबाईंचा हात चांगला आहे, पण माझ्या झटक्याची बातमी रुग्णवाहिकेच्या आधी त्यांनीच गल्लीला दिली होती.

कलम सहावे. यंत्र विहारातील शिवणवर्गाला द्यावे. हेही रद्द. तेथे शिकाऊ मुली असतात, मुली हसतात.

कलम सातवे. यंत्र

येथे पुढचे नाव सुचले नाही. तीन दिवस हा कागद असाच ठेवला. वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याने नवा कागद का घेतला नाही? मी नकाशे काढणारा माणूस आहे. जुनी हद्द खोडून टाकायची नसते. तिच्यावर रेघ मारून नवी दाखवायची असते, म्हणजे पुढच्याला कळते की जमीन कशी हलली. जित्याची खोड.

कलम आठवे. एल्बर्ट मास्तर आता हयात नाहीत. दुकान त्यांचा मुलगा चालवतो. माझा टेप त्याला द्यावा आणि सांगावे की मापे हळू आवाजातही सांगता येतात.

कलम नववे. माझे सदरे धुऊन, इस्त्री करून विहाराच्या वृद्धाश्रमाला द्यावेत. दान द्यायचे तर शिवण उसवलेली असू नये, म्हणून आज सकाळी मी सगळे सदरे उलटे करून खाटेवर मांडले आणि एकेक तपासू लागलो.

जे दिसले ते येथे लिहिणे जरूर आहे, कारण त्यामुळे हे मृत्युपत्र बदलले.

झटक्यानंतर शिवलेल्या प्रत्येक सदऱ्याचा डावा खांदा कोणीतरी उसवून पुन्हा शिवलेला होता. उजव्यापेक्षा खाली घेतलेला. आत, अगदी खांद्याच्या टोकाला, दोन पदरी अस्तराचा तुकडा. माझ्या सवयीने मी शिवण संपली की यंत्र मागे घेऊन टीप पक्की करतो. येथे तसे नव्हते. येथे दोऱ्याला हाताने गाठ मारलेली होती, चपटी, दोन वेढ्यांची. ती गाठ मी ओळखतो. मल्कांती ग्रंथालयात सुटलेली पुस्तके शिवते, त्यांना मारते तीच ही गाठ.

ती स्वयंपाकघरात नारळ खवत होती. मी सदरा घेऊन दारात उभा राहिलो.

"मल्के, हा खांदा कुणी उसवला?"

"मी." खवण्याचा आवाज थांबला नाही.

"का?"

"तुमचा डावा खांदा उतरलाय, तात्ता. तुम्ही घडी घालून कापता. मग गळा एका बाजूला ओढला जातो आणि विहारात लोक बघत बसतात."

"मला तर कधी दिसलं नाही."

"दिसू नये म्हणूनच केलं ना."

"कधी केलंस?"

"दुपारी. तुम्ही घोरत असता तेव्हा. यंत्राचा आवाज तुमच्या घोरण्यापुढे काहीच नाही."

"आणि माप?"

तिने खवणी बाजूला ठेवली. "तुम्ही निघताना मी सदरा पाठीवरून सारखा करते ना? तेव्हा."

मी सदरा उलटा करून ते अस्तर पुन्हा पाहिले. मग विचारले, "हे तू शिकलीस कुठे?"

"तीस वर्षांवर माझ्या पाठीवरून कुणाचा हात फिरतोय? वीत पुरी झाली की तुमचा अंगठा थांबतो, तात्ता. मला पहिल्या झग्यापासून ठाऊक आहे. आणि पुराचा नकाशा एवढा जपून कोण ठेवतं हो?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाटत होतं मला कळत नाही. तेवढ्यावर तुम्ही खूश होतात. मी कशाला मोडता घालू?"

मला राग आला, लाज वाटली, आणि मग एकदम हलके वाटले. पण काळजीला सवय असते, ती लगेच दुसरी जागा शोधते. मी म्हणालो, "अगं, पण स्वतःच्या पाठीचं माप स्वतःला घेता येत नाही. तुझं कोण घेणार?"

"गेल्या अवुरुद्दाचा झगा आठवतो? शिवलात तुम्ही. पण चष्म्याचा नंबर बदललाय तुमचा, पाठ तीनदा उसवून बसवावी लागली. माप कुसुमाअक्काने घेतलं."

"कुसुमाने?"

"गेली दोन वर्षं तीच घेते."

दोन वर्षे! आणि गल्लीत एक शब्द नाही. जिच्या तोंडाला कुलूप नाही असे मी वरच्या कलमात लिहून ठेवले, तिने हे माझ्यापासूनसुद्धा लपवले. मी मल्कांतीला म्हणालो, "माझ्या झटक्याचं तिने अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं!" ती म्हणाली, "म्हणून तर चार माणसं धावत आली आणि तुम्हाला उचललं."

कलम दहावे व शेवटचे. चौथ्यापासून सातव्यापर्यंतची सर्व कलमे रद्द. शिवणयंत्र, बटणांचे डबे, कापडाची पेटी आणि "निलवला नदी" ही नळी मल्कांतीची. दिले असे म्हणणे बरोबर नाही, ती वापरतच होती. माझी मोठी कात्री कुसुमाबाईंना द्यावी. त्या कात्रीने कागद कापू नये, ही एक अट कायम. त्यांच्याबद्दल वर जे लिहिले आहे ते तसेच राहू दे, जमीन कशी हलली ते कळेल.

माझ्या शेवटच्या सदऱ्याचे पांढरे कापड पेटीत तळाशी आहे. तो मल्कांतीने शिवावा. कापताना कापडाची घडी घालू नये.

मल्कांती व कुसुमाबाई यांना या कागदाने काही मिळते, म्हणून त्यांना साक्षीदार होता येत नाही. त्या आत चहा करत आहेत आणि कशावर तरी हसत आहेत. माझ्यावर असावे.

पाचही साक्षीदार एकाच वेळी समोर बसलेले असताना मी खाली सही करीत आहे. सही करण्याआधी मल्कांती चहाचा ट्रे ठेवून माझ्या मागे आली, "थांबा जरा, चुरगळलंय," म्हणाली आणि सदरा पाठीवरून सारखा केला. तिचा अंगठा डाव्या खांद्यापाशी थांबला. साक्षीदारांनी ते पाहिले. त्यांची साक्ष मात्र फक्त सहीची आहे.

(सही) पतिरणगे सोमरत्न

साक्षीदार:
१. के. विल्मट, कचेरीतील जुने सहकारी
२. एम. नझीर, कापड दुकानदार
३. एडवीन गमगे, निवृत्त शाळामास्तर
४. चंद्रिका लियनगे, ग्रंथपाल, नगर ग्रंथालय
५. सुमनपाल, समोरच्या घरातील, झटक्याच्या दिवशी उचलणाऱ्यांपैकी एक

स्थळ: नुपे, मातरा
दिनांक: १८ जून २०१६