अळणी सोमवार

मुर्री, गोंदिया
९ सप्टेंबर २०२५

प्रिय शुभम,

अनेक आशीर्वाद. आईबाबा बरे आहेत, धानही यंदा चांगला आहे. फोनवर बोलताना आई शेजारीच बसलेली असते, म्हणून हे पत्र.

मला सिकलसेल नाही, हे तुला कळलंच असेल. रक्त कमी दिसलं की आपल्याकडे सगळे तेच धरून चालतात. मी वर्षभर बीट खात बसले आणि दोष निघाला मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींचा. त्यांचं संप्रेरक कमी पडलं की रक्त बनणं मंदावतं, अंगात मीठही टिकत नाही. आई सारखी म्हणायची, "काऊन वं, एवढं मीठ कायले खाऊन राहिली?" तिला तरी काय ठाऊक. आता रोज गोळ्या घेते. काळवंडलेला चेहरा पुन्हा माणसासारखा दिसतो.

डॉक्टरांना मुद्दाम तुझं विचारलं. तू पहारा देतोस त्या लडाखच्या उंचावरच्या हवेत ऑक्सिजन कमी, म्हणून मूत्रपिंडं शरीराला जास्त रक्त बनवायला लावतात. पण फार वाढलं की ते घट्ट होतं, गुठळी होऊ शकते. तू मात्र "ताई, माझ्यातली एक बाटली घे" म्हणून हसतोस. डोकं दुखतं, कान वाजतात, बोटं बधिर होतात, हे तुझ्या दोस्ताला, टिंकूला सांगितलंस; त्यानेच मला कळवलं. खाली पाठवतील म्हणून युनिटच्या डॉक्टरला नाही. शहाणाच आहेस.

आता माझं. बाबा म्हणाले, "पोराले काही लिहू नको, थो तिकून काय करन?" तरी लिहिते. तू वर सुखरूप राहावंस म्हणून मी श्रावणी सोमवार धरले होते, नागऱ्याच्या महादेवाचे, अळणी. शेवटच्या सोमवारी उपासाला गोळी कशी चालेल, म्हणून तीही घेतली नाही. देवळाच्या पायरीवरच पडले. दवाखान्यात वेळेवर सलाइन आणि इंजेक्शन मिळालं. खूप घाबरले होते रे.

तुझ्यामुळे झालं असं मनात आणू नको, हट्ट माझा होता. पण तुझ्यासाठी उपास करून मी मरता मरता वाचले. तू तिथे गप्प बसून काही करून घेतलंस, तर आईने कुणाकडे बघायचं?

मी उपास सोडला आहे. तू आजच डॉक्टरकडे जा. खाली पाठवलं, तर घरी ये.

तुझी, अजून असलेली ताई,
चेतना