मैनाला सवार मिळाली

बाबा,

तुम्ही झोपला होतात म्हणून उठवलं नाही. आपली मैना विकायची नाही! बग्गीवाले भिया आज घोडी न्यायला आले, तर चहा पाजा आणि साफ नाही म्हणून सांगा.

आपल्याला भागीदारीत सवार मिळाली. यामिनीताई म्हणून आहेत, शाळेत शिकवतात. आठवड्यातले तीन दिवस त्या मैनावर बसतील, दाणा-चारा अर्धा त्यांचा. आधी तिला बघायला आलेले दोघे आल्याआल्या लगामच खेचायला लागले, तर हिने त्यांना जवळ उभं केलं नाही. यामिनीताई मात्र नुसत्या बाजूला उभ्या राहिल्या आणि मैनाने आपणहून त्यांच्या खांद्यावर तोंड टेकलं. मग मैदानावर अशी दौडली की बस! तुमची मिल बंद झाल्यापासून मी तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

उतरल्यावर त्यांनी विचारलं, "हिला तयार कोणी केलं?"

मी म्हटलं, "माझ्या बाबांनी."

"मग मला त्यांच्याकडूनच शिकायचंय."

आम्ही दोघी खोगीर शिवून घ्यायला राजवाड्याकडे जातोय. तिथून त्या घरीच येतील. बाबा, आज दाढी करून ठेवा हं.

मैत्री