क्षिप्राची जागा

बुकित तिमाह, सिंगापूर
२० डिसेंबर २००३

ती. मेधाताईस,
सुनेत्राचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं मेतकूट पोचलं. नीलने त्याच्यावर पातेलंभर भात संपवला. बाकी घरात मात्र बरं चाललेलं नाही.

परवा मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारचं हळदीकुंकू केलं. सेंगकांगहून स्मिताही आली होती. तिने सहज विचारलं, क्षिप्राचा निकाल लागला ना, आता पुढे काय? मी ‘बघू’ म्हणेपर्यंत फळं वाटणाऱ्या आमच्या बयेने स्वतःच सांगून टाकलं की तिला आयटीईत एअरकॉन दुरुस्तीच्या कोर्सला जागा मिळालीय. वर इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, आँटी, तुमचा बिघडला तर मला बोलवा, लाह. सगळ्याजणी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आयटीई म्हणजे आपल्याकडची आयटीआय समज. शाळेत ती टेक्निकलच्या वर्गात आहे हेही आम्ही आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. आयटीईत जाणाऱ्या मुली निदान नर्सिंग नाहीतर ऑफिसचं काम शिकतात, हिला पाने-पकडी हव्यात. रवींद्र म्हणतात, रॅफल्स प्लेसला बँकेत कुणी विचारलं तर मी काय सांगू? क्षिप्रा रडून रडून सुजलीय.

वर्ग जानेवारीत सुरू होतील. त्याआधी तिला तुझ्याकडे पाठवू का? दहावी बाहेरून देईल, मग कॉमर्स. पुण्याला शिकायला गेली असं इथे सांगता येईल. रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुनेत्रा


सहकारनगर, पुणे
२९ डिसेंबर २००३

चि. सौ. सुनेत्रा हिस,
मेधाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा वाचून पाहिलं आणि पुन्हा तुझाच राग आला. कुंकवाला आलेल्या बायका हसल्या आणि आपापल्या घरी गेल्या. त्यांच्यापायी पोरीची मिळालेली जागा सोडायची?

लहानपणी इथे आली होती तेव्हा माझा मिक्सर तिने उघडून परत जोडला होता, तो अजून चालतोय. तिला आकड्यांचा कंटाळा आहे हे तुलाही माहीत आहे. दोन वर्षं शिकू दे तिला. जगाला काय सांगायचं हा तुमचा प्रश्न, तिचा नव्हे.

तुम्ही ऐकणार नसालच तर माझं घर तिचंच आहे. पण मी हो म्हटलं असं तिला सांगू नकोस. रवींद्ररावांना नमस्कार, आणि मोठ्या बहिणीचं बोलणं मनावर घे, यावेळी तरी.

तुझी,
ताई


बुकित तिमाह, सिंगापूर
१२ जानेवारी २००७

चि. क्षिप्रास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं दिवाळीचं पत्र स्मिताला वाचून दाखवलं. तिची चैत्राली मराठीत एक ओळ लिहीत नाही, तुझं मराठी केवढं सुधारलं! बारावीचा अभ्यास जोरात असेल.

एक आनंदाची बातमी. नीलला मार्क फार कमी पडले. चार दिवस घरात सुतक होतं. मग बाबांनीच मार्ग काढला, त्याला आयटीईत घातलं, एअरकॉनच्याच कोर्सला. स्वतः रजा काढून त्याच्याबरोबर गेले. म्हणतात, आता काळ बदललाय, हाताला कसब हवं, पुढे पॉलिटेक्निकलाही जाता येतं. बँकेत सगळ्यांना सांगतात, मुलगा इंजिनिअरिंगला आहे.

पण त्याला विजेची भीती वाटते गं. तुझी हत्यारांची पेटी माळ्यावर होती, ती त्याला दिली. तू चिडणार नाहीस, शहाणी आहेस. त्याला रविवारी फोन करून जरा समजावून सांगशील का? ताईला नमस्कार सांग, आमची आठवण ठेव.

तुझी,
आई


सहकारनगर, पुणे
२२ जानेवारी २००७

ती. आईस,
क्षिप्राचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मावशीच्या हातात दिलं. वाचून ती आत गेली. मग बाहेर येऊन तिने मला तुझं जुनं पत्र दाखवलं आणि तिने स्वतः काय उत्तर दिलं होतं तेही सांगितलं. तू तर मला म्हणाली होतीस की मावशीनेच बोलावलंय. तीन वर्षं मी मनातल्या मनात तिच्यावर राग धरला.

नीलला फोन केला. त्याचा काही दोष नाही. त्याला सांगितलं की मेन स्विच बंद केला तरी आत वीज साठून राहते, घाईने हात घालू नकोस. पेटी त्यालाच राहू दे. माझी बारावी होईल, पास होईन. त्यात आनंद मानायला मात्र मला सांगू नकोस. मला तुम्हा दोघांचा भयंकर राग आलाय आणि तो लपवण्याइतकी मी शहाणी नाही.

एक काम कर. नीलच्या वर्गात एखादी मुलगी असेल तर तिच्या आईचं नाव-पत्ता मला कळव. मुलीला तिथे जाऊ दिलं म्हणून त्या आईला पत्र लिहायचंय.

बाबांना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे.

क्षिप्रा