डावीकडे झुकलेलं गाणं

४ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसातून आले, भाजी फोडणीला टाकली, मग लॅपटॉप. गाणं एकदाचं डिस्कॉर्डवरच्या आमच्या हौशी गाणेवाल्यांच्या ग्रुपवर चढवलं. एरचला नदीकाठी फोनमध्ये घेतलेला बेतवेचा आवाज, त्यावर माझंच गुणगुणणं. गाणं जुळवते त्या एलएमएमएस सॉफ्टवेअरमध्ये आवाज रेकॉर्ड होत नाही. म्हणून आधी ऑडॅसिटीत गायचं, खरखर काढायची, मग तिकडे न्यायचं. फुकटात मिळतंय ना — मग घाला हेलपाटे! दमले. पण घरात एवढं एकच माझं आहे.

५ फेब्रुवारी

ग्रुपवरचा ऋतुराज — नाशिकचा, कधी भेटलो नाही, पण माझं सगळं ऐकतो — म्हणे, "ताई, गाणं डावीकडे झुकलंय. बेतवा एकाच कानात वाहतेय!" काहीतरीच. इतकं बसून दोन्ही कानांत सारखं केलंय मी.

८ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा सारखं केलं. पुन्हा तेच! आता आणखी दोघं तसंच म्हणतात. चिडून लिहिलं, माझा हेडफोन खराब असेल. ऋतुराज : "मग उलटा घालून बघा ना. खराब बाजू दुसऱ्या कानावर जाईल."

९ फेब्रुवारी, रविवार

उलटा घातला. बारीक आवाज डाव्या कानातच. सुलटा केला. डाव्यातच.

कश्मिराच्या कानाला लावला. "मम्मी, दोनों तरफ बराबर तो है!" लेक इकडेच वाढली; मराठी कळतं, बोलते हिंदीच.

पोळ्या लाटल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

यांनी रजा टाकली, कानाच्या डॉक्टरकडे बरोबर आले. डॉक्टर म्हणाले, "बाएँ कान की नस कमज़ोर है. दाहिना अच्छा है, मैडम." औषध? "जो गया, वो लौटेगा नहीं."

रिक्षात हे म्हणाले, "जाऊ दे. एक कान तर आहे. आणि तसाही छंदच तो."

छंदच! लक्ष्मी तालाचं पाणी मागे पडेपर्यंत बाहेर बघत बसले. रडू नाही आलं. नुसता थकवा.

१८ फेब्रुवारी

ग्रुपवर खरं लिहून टाकलं : डाव्या कानाला कमी येतं, म्हणून सारखं करताना डावीकडचा आवाज मीच वाढवत गेले. ऋतुराज बराच वेळ टाइप करत होता. आलं एवढंच — "सॉरी ताई." मग थोड्या वेळाने — "मोनो करून ऐका. दोन्हीकडचं एकत्र येतं, एका कानाला पुरतं. डावं-उजवं स्क्रीनवरच्या आवाजाच्या मीटरवर बघायचं."

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपारभर तेच. डोळे मीटरच्या दोन पट्ट्यांवर, उजवा कान नदीवर. पाठ मोडली. पण बेतवा मधोमध आली! ऋतुराज : "आता कसं!" हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "परत लाव ना ते जरा."

लावलं. एक कान पुरेल मला. पुरवीन.

२५ फेब्रुवारी

उजव्या कानात बारीक शिट्टी. गॅस बंद करायला धावले.

कुकर चढवलाच नव्हता.