हिरव्या बटणाखालची निळी ओळ

मी, पौर्णिमा श्रावण तायडे, वय एकोणतीस, संगणक अभियंता, राहणार अकोला, हा कागद कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, धोका कमी आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बँकेतली शिल्लक, विम्याची रक्कम आणि स्कूटर आई सुंदराबाई हिला. स्कूटर विकू नये, शिकावी.

२. लॅपटॉप अमरावतीची मामेबहीण पायल हिला. त्यावरचे प्रायोजक कंपनीचे (पाहा कलम ४) स्टिकर आधी खरवडून काढावे. माझ्याने पूर्ण निघाले नाही. कंपनीचे नाव इथे लिहून तिची आणखी जाहिरात करत नाही.

३. आता 'गुणवही'. जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांना इंटरनेटशिवाय निकाल तयार करता यावा म्हणून हे सॉफ्टवेअर मी आणि शेखर इंगोले याने अमरावतीला कॉलेजात असताना बनवले. मेळघाटात रेंज नसते, म्हणून ते चार एमबीचे ठेवले. फुकट आहे, त्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा. त्यामुळे ते मला कोणाच्या नावे करता येत नाही. माझ्या नावावर दोनच गोष्टी आहेत: वेबसाइटचा पत्ता, आणि नवी आवृत्ती बाहेर सोडण्याची डिजिटल किल्ली.

४. तीन वर्षांपूर्वी कंपनीने सर्व्हरचा खर्च उचलला. बदल्यात आमच्या पानावर तिचे एक बटण. हिरवे, ठळक, वर लिहिलेले 'डाउनलोड'. ते दाबले की गुणवही येत नाही, कंपनीचा जाहिराती दाखवणारा कचरा येतो. गुणवहीची खरी लिंक त्याखाली, बारीक निळ्या ओळीत. मी हरकत घेतली तेव्हा शेखर म्हणाला, "लोक वाचत नाईत पौर्णिमा, दाबतात. त्याले आपन काय करनार?" हे त्याच्या एकट्याच्या माथी मारत नाही. करारावर माझीही सही आहे. बटणाची जागा मीच मापून ठरवली होती. तो आराखडा, मापांसकट, शेखरला द्यावा.

५. मागच्या एप्रिलमध्ये सेमाडोहचे शिक्षक गोपाल मावस्कर नवी आवृत्ती घ्यायला बसने धारणीला गेले आणि त्यांनी हिरवे बटण दाबले. तो कचरा पेन ड्राइव्हवरून शाळेच्या कॉम्प्युटरवर गेला. कॉम्प्युटर ठप्प झाला आणि वर्षभराचे गुण गेले. बासष्ट मुलांचे निकाल त्यांनी उत्तरपत्रिका काढून हाताने पुन्हा लिहिले. मग मला फोन केला. "मॅडम, चूक माहीच असन. मले कम्प्युटरमधलं कमी समजते." त्यांनी माफी मागितली. माझी. तेव्हा स्वतःची जी किळस आली ती अजून गेलेली नाही, आणि तिची विल्हेवाट लावणारे कलम मला लिहिता येत नाही.

६. मी धारणीला गेले. स्टँडजवळ मैनाबाई कासदेकर यांचे झेरॉक्सचे दुकान आहे. मावस्कर सर आले त्या दिवशी ते बंद होते, म्हणून सर शेजारच्या दुकानात गेले. मैनाबाईंच्या कॉम्प्युटरच्या पडद्याला कडेला कागद चिकटवलेला होता: 'हिरवं दाबू नका. खाली बारीक निळं आहे, ते दाबा.' चिकटपट्टी दोनदा बदललेली होती. मी ओळख न देता विचारले, कधीपासून?

"दोन वर्सं झाले. ज्यानं कोनं हे बटन ठेवलं न बाई, त्याच्या घरचं कोनी शाळेत गेलं नसन."

मग मी नाव सांगितले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "तुमीच का? मंग काढत काहून नाई?"

करार आहे, असे मी म्हटले. ते उत्तर नव्हते.

७. करार ३१ मार्चला संपतो. पुढे वाढवायचा तर वेबसाइटचा पत्ता ज्याच्या नावावर, त्याची सही लागते. मी गेले तर ती सही आईची होईल. शेखर आमच्याकडे जेवायला येतो. "काकू, इथं एक सही करा," म्हणाला तर आई वाचणार नाही, करील. त्याला हे माहीत आहे. मलाही.

८. म्हणून पत्ता आणि किल्ली, दोन्ही मैनाबाई कासदेकर यांना. त्यांना आधी विचारले आहे.

"मले कोडिंग नाई येत, मॅडम."

"ते शेखरला येतं."

त्या हसल्या नाहीत. "बरं. द्या," म्हणाल्या.

शेखरने कोड लिहीत राहावे. तो चांगला लिहितो. पण मैनाबाईंनी किल्ली लावल्याशिवाय एकही आवृत्ती बाहेर जाणार नाही. पानावर एकच लिंक असेल. किल्ली कशी वापरायची हे मी अकरा पायऱ्यांत लिहिले आहे. त्यांनी ते माझ्यासमोर दोनदा करून दाखवले. दुसऱ्यांदा सातव्या पायरीतली माझी चूक काढली.

९. मैनाबाईंनी तो कागद १ एप्रिलला पडद्यावरून काढावा. निर्धास्तपणे काढता आला, तर हे मृत्युपत्र अमलात आले असे समजावे. मी तेव्हा जिवंत असले, तर धारणीला जाऊन तो मी काढीन. तोवर चिकटपट्टी बदलत राहावी.

वरील मजकूर मी वाचला. सगळा वाचला.

ठिकाण: अकोला
दिनांक: ५ फेब्रुवारी २०२६

सही: पौर्णिमा श्रावण तायडे

आमच्यासमोर सही केली, म्हणून साक्षीदार:
१. नत्थुजी पुंडलिक खंडारे, निवृत्त मुख्याध्यापक, अकोला
२. गोदाबाई महादेव सिरसाट, शेजारी, अकोला