सावळधऱ्याच्या वार्ताफलकावरील मत कोणाचे, याबाबत

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी साहेब,
जनपद सभा, जिल्हा वर्धा

अर्जदार : कृष्णकांत वामन हिवरेकर, मुख्याध्यापक, जनपद प्राथमिक शाळा, मौजे सावळधरा

विषय : वार्ताफलकावर वैयक्तिक मत प्रसिद्ध केल्याच्या आरोपाचा खुलासा

संदर्भ : आपली नोटीस, दिनांक १५ नोव्हेंबर १९५७

महोदय,

१. संदर्भीय नोटिशीत मला दोन मार्ग दिले आहेत. दिनांक १६ ऑक्टोबर रोजी गावच्या वार्ताफलकावर आलेला मजकूर मी लिहिला असे कबूल करावे, अथवा लिहिणाऱ्याचे नाव द्यावे. यांपैकी काहीच न केल्यास मजकूर माझा समजून मला नोकरीतून कमी करण्यात येईल. मुदत आज संध्याकाळी पाच वाजता संपते. तहसिलीकडे जाणारी मोटार दहा वाजता सुटते व त्यानंतर आज दुसरी गाडी नाही, म्हणून हा अर्ज शाळा भरण्यापूर्वी लिहून पूर्ण करीत आहे.

२. प्रथम फलकाविषयी. शिक्षक होण्यापूर्वी मी नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून चार वर्षे काम केले. संध्याकाळच्या गाडीने जी बातमी गेली नाही ती दुसऱ्या दिवशी बातमी राहत नसे. ती सवय अंगात असल्यामुळे १९४८ साली पंचायतीने चौकात काळा फलक लावला तेव्हा तो रोज लिहिण्याचे काम मी आपण होऊन घेतले. आरंभी वर्तमानपत्रावरून व पुढे सरकारी रेडिओ आल्यावर त्यावरून बातम्या उतरवून घ्याव्यात आणि लोक शेताकडे निघण्याआधी फलक तयार ठेवावा, असा क्रम आहे. नऊ वर्षांत आजारपणाचे अकरा दिवस सोडता तो चुकलेला नाही.

३. फलकाच्या तळाशी वीतभर जागेत 'आमचे मत' या मथळ्याखाली मी दोन ओळी लिहीत असे. ही प्रथा कोणाच्या हुकुमाने सुरू झाली नव्हती व ती आक्षेपार्ह आहे असे आठ वर्षे कोणी म्हटले नाही. नमुन्यादाखल : फवारणीचे लोक आले म्हणजे घराला कुलूप लावून शेतात पळून जाऊ नये, हिवताप कुलूप पाहून परत फिरत नाही. मोटारवाल्याने भोंगा वाजवावा पण गाडी थांबवावीही. राज्य मध्यप्रदेशातून मुंबईत गेले, आता आपला अर्ज कोणत्या गावच्या टेबलावर पडून राहणार एवढे तरी सरकारने कळवावे. शेवटच्या मताबद्दल मला १ जुलैचे आपले पहिले पत्र आले. सरकारी नोकराने राजकारण, यंत्रे वा सामाजिक प्रश्न यांवर वैयक्तिक मत मांडू नये, असा त्यात आदेश होता. त्याच दिवशी मी मथळा पुसला.

४. त्याचा परिणाम जसा झाला तसा नोंदवतो. कोतवाल नत्थू हा फलक इतरांना वाचून दाखवतो. तो शाळेत येऊन म्हणाला, "मास्तर, बातमी तं समजली, पण तिच्यावर काय म्हणावं थे नाई समजलं." बापूराव राऊत हे गृहस्थ माझ्या प्रत्येक मताच्या विरुद्ध असत व तसे सांगण्यासाठी रोज चौकात येत. ते आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी विचारले, "मत नाई तं मी भांडू कोनाशी? घरी भांडून राह्यलो आता." त्यांच्या घरच्यांनीही मला याबद्दल बोल लावला आहे.

५. १९ जुलैच्या पत्रात असे कळवण्यात आले की, मथळा पुसला तरी तळाची जागा कोरी ठेवली आहे व लोक त्या कोऱ्या जागेचा अर्थ लावतात. मी अक्षर मोठे करून जागा भरली. ६ ऑगस्टच्या पत्राप्रमाणे कपाशीवरील किडीची बातमी वर व मंत्रिमहोदयांच्या दौऱ्याची खाली, हा क्रम म्हणजेच मत ठरला. मी रेडिओच्या क्रमाने लिहू लागलो. त्यावर, स्थानिक फलकाचा क्रम स्थानिक महत्त्वाप्रमाणे असावा, महत्त्व मात्र अर्जदाराने स्वतः ठरवू नये, असे उत्तर आले. ते कोणी ठरवावे असे मी लेखी विचारले. उत्तर नाही. शेवटी मला फलकाच्या कामातून मोकळे करावे असा अर्ज केला. विकास योजनेत रोजचा फलक आवश्यक असल्याने तो बंद करता येणार नाही व दुसऱ्याकडे देता येणार नाही, असा निकाल २९ ऑगस्टला मिळाला. तेव्हापासून मी रोज सकाळी खडू घेऊन फलकासमोर उभा राहतो, तो कोणती चूक आज करायची आहे या विचाराने.

६. सप्टेंबरमध्ये फलकावर मी न लिहिलेली मते येऊ लागली. पहिले असे होते : "गिरणीचं इंजिन दुपारी बंद ठेवा. लेकरू झोपत नाई." मी चौकशी करण्यापूर्वीच गिरणीमागे राहणाऱ्या कमलाबाई शाळेच्या दाराशी आल्या व म्हणाल्या, "गुरुजी, म्या लिव्हलं. तुमी लिहीत नाई तं कोनी तरी लिहाले पायजे ना." मी ते पुसले व त्यांना समज दिली. त्यानंतर कधी मोटारीबद्दल, कधी हॉटेलातल्या चहाने बिघडलेल्या पोरांबद्दल, एकदा खुद्द माझ्याबद्दलही मत आले (मास्तर पोरांच्या कानाला फार हात लावतात). दिसले ते प्रत्येक मी पुसले, एक सोडून. त्याविषयी पुढे लिहितो.

७. ही सर्व मते माझ्या अक्षरात होती, असे १६ ऑक्टोबरनंतर आपण गावात पाठवलेल्या चौकशी अधिकाऱ्यांनी म्हटले आहे. ते खरे आहे, आणि त्याचे कारण माझी स्वतःची पद्धत आहे. मी १९३६ पासून या एकाच गावात शिकवतो. पाटीवर खिळ्याने अक्षर कोरून देतो व मूल त्या खाचेतून बोट आणि मग पेन्सिल फिरवते. वळण सुटले की पाटी पुसून पुन्हा. दिवसा मुले, संध्याकाळी प्रौढवर्ग. गावात आज ज्याला लिहिता येते त्याने ते त्याच पाट्यांवरून घेतले आहे. कोणालाही मी स्वतःचे वळण येऊ दिले नाही, आणि याचा मला अभिमान वाटत असे. १९५१ साली तपासणीस साहेबांनी "सारी शाळा एका हाताने लिहिते असे वाटते" असा शेरा देऊन मला प्रशस्तिपत्र दिले. ते सोबत जोडले आहे.

८. चौकशी अधिकाऱ्यांनी एकोणीस व्यक्तींकडून "आज हवा स्वच्छ आहे" हे वाक्य लिहून मागवले. नमुने समोर न घेता घरून आणवले. एकोणीसही सारखे निघाले. त्यावरून ते सर्व अर्जदाराने स्वतः लिहून वाटले असावेत, असा निष्कर्ष अहवालात आहे. कमलाबाईंनी तोंडी कबुली दिली ती मला वाचवण्यासाठी, असे धरले आहे. या निष्कर्षाविरुद्ध मी एकच गोष्ट नम्रपणे निदर्शनास आणतो. माझ्याविरुद्धची मूळ तक्रार सरपंच श्री. भैयाजी डहाके यांनी स्वहस्ते लिहिली आहे. श्री. डहाके १९४९ च्या प्रौढवर्गात पहिल्या रांगेत बसत. अहवालाचा न्याय लावला तर माझ्याविरुद्धची तक्रारही मीच केली आहे.

९. आता १६ ऑक्टोबरच्या मजकुराविषयी. तो असा : "रेडिओ सरकारनं गावाले देला. आम्ही पायरीखाली काऊन बसावं? चावडीत ठेवा. तिथं सारे बसतात."

१०. वस्तुस्थिती अशी. सव्वादोन वर्षांपूर्वी रेडिओ आला तेव्हा चावडीचे छप्पर गळत होते, म्हणून तो तात्पुरता श्री. डहाके यांच्या बैठकीत ठेवला. चावडीचे छप्पर पुढच्याच उन्हाळ्यात दुरुस्त झाले. रेडिओ बैठकीतच आहे. ऐकण्यास येणाऱ्यांपैकी काही बैठकीत बसतात, काही ओट्यावर, आणि गेल्या वर्षी बौद्ध धर्म स्वीकारलेल्या वस्तीतील लोक अंगणात, शेवटच्या पायरीच्या खाली. तशी जागा कोणी लिहून दिलेली नाही. गिरणी चालू असली की अंगणात काही ऐकू येत नाही. "आम्ही" म्हणजे कोण, हे त्या सकाळी गावात कोणाला विचारावे लागले नाही. वस्तीतील सत्तावीस जणांना लिहिता येते. सत्तावीसही माझ्या हाताखालून गेले आहेत.

११. तक्रार केल्यानंतर श्री. डहाके स्वतः माझ्याकडे आले. ते रागात नव्हते. चहा घेतला व म्हणाले, "मास्तर, तुमच्यावर माहा राग नाई. तुमी नाव द्या. तुमी बी सुटसान, मी बी."

त्या व्यक्तीचे पुढे काय होईल, असे मी विचारले.

"काई नाई. सडकेच्या कामावर माणसं मी घेतो, थे तुमाले मालूम हाये. त्या घरचं कोनी घेनार नाई. मंग समजंल त्याईले, कुठं बसावं थे."

हे शब्द मी ते गेल्यावर लगेच टिपून ठेवले. कपाशीची वेचणी संपली की वस्तीतील घरे पावसाळ्यापर्यंत याच सडकेच्या कामावर चालतात. दुसरे काम गावात नाही.

१२. माझी पत्नी सौ. सुमती हिचे म्हणणे असे की, "माहीत नाही" एवढे दोन शब्द लिहावेत व विषय संपवावा. आम्ही शाळेच्याच खोल्यांत राहतो. नोकरी गेली तर घरही त्याच दिवशी सोडावे लागेल व एकवीस वर्षांत आम्ही दुसरीकडे काही उभे केलेले नाही. तिच्या म्हणण्यात चूक नाही. काल दिवसभर मी ते दोन शब्द लिहिण्याचा प्रयत्न केला. ते मला लिहिता आले नाहीत, कारण मला माहीत आहे.

१३. १६ ऑक्टोबरला मी नेहमीपेक्षा थोडा लवकर चौकात गेलो. ती व्यक्ती फलकासमोर उभी राहून लिहीत होती. मी वडाच्या आड थांबलो. लिहिण्यास बराच वेळ लागला. प्रत्येक अक्षर पूर्ण झाल्यावर ती व्यक्ती मागे सरून पाहत होती व पुन्हा पुढे जात होती. लिहून झाल्यावर ती निघून गेली. मी पुढे जाऊन मजकूर वाचला. खिशात फडके होते. इतर सर्व मते मी पुसली होती, हे पुसणे माझे कर्तव्य होते. मी ते पुसले नाही. वरच्या जागेत त्या दिवशीच्या बातम्या लिहिल्या व शाळेत आलो. मजकूर दुपारपर्यंत तसाच राहिला. तो श्री. डहाके यांच्या माणसाने पुसला.

१४. तेव्हा आपल्या नोटिशीतील दोन्ही मार्ग मला बंद आहेत. मजकूर मी लिहिला असे म्हणता येत नाही, कारण ते खरे नाही, आणि माझ्या कबुलीने ज्याने कष्टाने चार ओळी लिहिल्या त्याच्याकडून त्या काढून घेतल्यासारखे होईल. नाव देता येत नाही, त्याचे कारण कलम ११ मध्ये आहे. वार्ताहर असताना बातमी कोणी दिली हे मी संपादकांनाही सांगत नसे व तेही विचारीत नसत. साहेबांनी ते विचारले आहे. मी सांगणार नाही.

१५. एक गोष्ट मात्र या चौकशीत कोणी विचारली नाही, ती मी आपण होऊन लिहितो. सव्वादोन वर्षे मी रोज संध्याकाळी श्री. डहाके यांच्या बैठकीत रेडिओशेजारी खुर्चीवर बसून बातम्या उतरवून घेतल्या. माझी खुर्ची दाराकडे तोंड करून असते. पायरीखाली कोण बसले आहे, कोण कानामागे हात धरून ऐकत आहे, कोण ऐकू न आल्याने उठून जात आहे, हे मला रोज दिसत होते. त्या काळात मी गिरणी, मोटार, फवारणी व राज्यपुनर्रचना यांवर मत दिले. 'आमचे मत' या मथळ्याखाली सहाशेच्या वर मते लिहिली असतील. या गोष्टीवर मी एकही ओळ लिहिली नाही. त्या वेळी मला कोणी मनाई केलेली नव्हती.

१६. सबब विनंती की,
(अ) १६ ऑक्टोबरच्या मजकुराचे अक्षर कोणाचे, ही चौकशी थांबवावी व वस्तीतून आणखी नमुने मागवू नयेत.
(आ) मजकूर मी लिहिलेला नाही, अशी नोंद व्हावी.
(इ) त्यातील मत माझे आहे, अशीही नोंद व्हावी. ते मी राजीखुशीने व आदेशांची पूर्ण कल्पना असताना या अर्जाद्वारे मांडत आहे. वैयक्तिक मत मांडल्याबद्दल नियमाप्रमाणे जी कारवाई होईल ती माझ्या एकट्यावर व्हावी.

कळावे. पुढील हुकूम होईपर्यंत फलक रोजच्याप्रमाणे लिहिला जाईल.

आपला आज्ञाधारक, कलम १६ (इ) वगळून,

(सही)
कृष्णकांत वामन हिवरेकर
मौजे सावळधरा
शुक्रवार, दिनांक २२ नोव्हेंबर १९५७

सोबत :
१. आपल्या पत्रांच्या नकला, पाच
२. १९५१ चे प्रशस्तिपत्र, मूळ
३. श्री. डहाके यांच्याशी झालेल्या बोलण्याचे टिपण
४. शाळेच्या व राहत्या खोल्यांच्या किल्ल्या, दुसरा जोड